नंबर पाहिला का, नंबर?

कळलं हो वहिनी, सगळं कळलं. रात्री तुमच्या दारात रिक्षा थांबली, घरातले सगळे दिवे लागले, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, काहीतरी झालंय. हे म्हणाले, लोकांच्या घरात डोकावू नकोस. आता मी कुठे डोकावते! आपल्या ह्या आर्टिस्ट व्हिलेजची घरंच अशी बांधलीत, की सात घरांच्या मध्ये एक अंगण आणि कुणाकडे कोण आलं ते बघायचं नाही म्हटलं तर डोळे मिटूनच बसावं लागेल. त्या चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आराखडा काढला तेव्हा त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं असंच वाटत होतं म्हणे. मग बोलूया की. तुमचा चहा झालाय ना? माझा कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत आहे मी.

आधी सांगा, भावजी कसे आहेत? कॉलरबोन? अगं बाई. म्हणजे दीड महिना तरी पट्टा आला. डोक्याला काही नाही ना? हेल्मेट होतं? देवाची कृपा. नाहीतर बेलापूर स्टेशनवरून घरी यायला कशाला हवं हेल्मेट म्हणणारे काय कमी आहेत आपल्याकडे!

सकाळपासून मी ह्या अपघाताच्या तीन गोष्टी ऐकल्या. दूधवाला म्हणाला डंपर होता. इस्त्रीवाल्याच्या मते काळी फॉर्च्युनर, काचांना काळी फिल्म आणि पुढे कुठल्यातरी पक्षाचा झेंडा. आणि ते रोज वॉकला जाणारे आजोबा, त्यांनी तर सांगून टाकलं की तुमचे दीरच राँग साइडने येत होते. आजोबा नऊला झोपतात, अपघात झाला पावणेअकराला, पण त्यांनी पाहिलंय बरं का!

पांढरा टेम्पो? बघा म्हणजे. तिन्ही गोष्टी खोट्या. बरं, नंबर? नंबर पाहिला का कुणी?

हेच. हेच मी ह्यांना म्हटलं. किल्ले जंक्शनला त्या वेळी दहा-बारा माणसं जमली असतील, सगळ्यांनी टेम्पो पाहिला, टेम्पोवाल्याला शिव्या सगळ्यांनी घातल्या, नंबर एकानेही पाहिला नाही. भावजींना काय आठवतंय? एमएच ४३, आणि शेवटी सात किंवा एक. आणि मागे ‘आई एकविरा’ लिहिलेलं. अहो वहिनी, ह्या बेलापूर-उलवे पट्ट्यात मागे आई एकविरा नसलेला टेम्पो शोधणं जास्त सोपं पडेल! तरी असू दे. एमएच ४३ म्हणजे वाशीची आरटीओ. ४६ असता तर पनवेल. काहीतरी धागा आहे.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या ह्यांची सगळी नोकरी विमा कंपनीच्या मोटार क्लेम खात्यात गेली. लग्न झाल्यापासून माझ्या घरात जेवताना दुसऱ्यांचे अपघात असतात. आमटीबरोबर पंचनामा. त्यामुळे मला कायद्यातलं काही कळत नसलं तरी कलमं पाठ आहेत, हनुमानचालिसा असावी तशी. तर हे नेहमी म्हणतात, ठोकून पळालेल्या माणसाचा पहिला तास आपला असतो, नंतर सगळा वेळ त्याचा. पहिल्या तासात काय करायचं? नंबर दिसला तर लिहायला पेन शोधायचं नाही, मोठ्यानं ओरडायचा, म्हणजे आजूबाजूचे चार जण ऐकतात, आणि मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून ठेवायचा. रंग, कुठला दिवा फुटलाय, कुठल्या बाजूला खरचटलंय, कुठल्या दिशेला गेला. ११२ ला फोन. जखमी असेल तर १०८. आणि रस्त्यावर पडलेले काचेचे, प्लास्टिकचे तुकडे उचलून बाजूला फेकायचे नाहीत. आपली माणसं चांगुलपणानं पहिलं काम तेच करतात, झाडू मारतात! ह्यांनी एक केस सांगितली होती, इंडिकेटरच्या फुटक्या काचेचा तुकडा गॅरेजमधल्या टेम्पोच्या खाचेत बरोबर बसला आणि मालकाची बोलती बंद झाली.

तुमच्याकडे तुकडे आहेत? पोरानं उचलून आणले? शहाणा आहे तुमचा मुलगा. पिशवीत ठेवा आणि पोलिसांना द्या, पुसू नका.

आता कॅमेऱ्यांचं. किल्ले जंक्शनपासून दोन्ही बाजूंना जी दुकानं आहेत, मेडिकल, बार, ते टायरवाले, सगळ्यांचे कॅमेरे रस्त्याकडे तोंड करून आहेत. पण त्यातलं जुनं पुसून त्यावर नवं भरत जातं. कुणाकडे आठवडाभर राहतं, कुणाकडे महिना. दुकानदार तुम्हाला फुटेज देणार नाही, नको ती भानगड म्हणून. पोलिसांनी मागितलं तर देतो. म्हणून तक्रार देताना अर्जातच लिहायचं, अमुक दुकानाचा, अमुक वेळेचा कॅमेरा बघावा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आणि टेम्पो मुंबईकडे गेला असेल तर वाशीच्या नाक्यावरून गेला असेल. तिथे छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, म्हणून सगळे खूश, पण हे तेव्हा तोंड वाकडं करून म्हणाले होते, एक पुरावा गेला! नोकरी सुटली तरी माणूस सुटत नाही.

काय? ‘ही आमची हद्द नाही’ म्हणाले? कुठल्या ठाण्यात? नको, नाव नका सांगू, मी पोळ्या करताना कुणालातरी बोलून जाईन. पण हद्द नाही हे कारण आता चालत नाही हो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, ते पुढे योग्य ठिकाणी पाठवतात. ह्यांना घेऊन जा बरोबर. नुसती स्टेशन डायरीत नोंद करून घरी पाठवतात, तेवढ्यावर यायचं नाही. भावजींचं हाड मोडलंय म्हणजे ते साधं खरचटणं नव्हे, एफआयआरच हवा. आणि त्यात बेदरकार गाडी चालवण्याच्या कलमाबरोबर मोटार वाहन कायद्याचं १३४ आहे का ते बघायचं. ते पळून जाण्याचं कलम.

ऐका, तुमचा मुलगा आणि त्याचे मित्र मोटारसायकल काढून उलव्यापर्यंत टेम्पो शोधायला गेले होते म्हणे काल रात्री? खरं ना? वहिनी, त्याला आवरा. रागावू नका, पण आवरा. मागच्या वर्षीचं ऐरोलीचं प्रकरण विसरलात का तुम्ही?

अहो ते, खेडकरांचं! १३ सप्टेंबर २०२५, शनिवार. मुलुंड-ऐरोली रोडवर सिमेंटचा मिक्सर आणि एका मोठ्या गाडीचा धक्का लागला. आता मिक्सर आणि मोटार म्हटल्यावर आपण सगळे मोटारवाल्याची कीव करणार. मेलं काय चुकलं बिचाऱ्यांचं? पण झालं असं की वाद वाढला आणि मोटारीतल्या लोकांनी मिक्सरवरच्या बावीस वर्षांच्या पोराला गाडीत घालून नेलं, अशी मिक्सरच्या मालकानं रबाळे पोलिसांत तक्रार केली. पोलिस गाडीचा माग काढत काढत गेले कुठे, तर थेट पुण्यात, चतुःशृंगीच्या हद्दीतल्या बंगल्यावर. आणि बंगला कुणाचा? त्या पूजा खेडकर, ज्यांना आयएएसमधून काढलं, त्यांच्या घरच्यांचा! पोरगा तिथे सापडला. मग पोलिसांना दार उघडेनात, कुत्री अंगावर सोडली, असा पोलिसांचा आरोप. पूजाबाईंच्या आईवर, वडिलांवर गुन्हे. खरंखोटं कोर्ट ठरवेल, आपण कशाला बोला? पण मला एक सांगा, त्या दिवशी मिक्सरचीच चूक होती असं धरून चाला. मोटारीचं नुकसान झालं होतं हेही धरा. एवढं सगळं असून बातमीत आरोपी कोण झालं? नुकसानभरपाई मागायला जायची ती तक्रार होती, तिचं अपहरण झालं.

हे तर त्या वेळी दोन दिवस एवढंच बोलत होते. विमा असताना, पोलिस ठाणं पाच मिनिटांवर असताना, माणूस उचलून पुण्याला नेतात म्हणजे काय, क्लेम फॉर्म छापलेला असतो त्याला! मी म्हटलं, सगळ्यांना तुमच्यासारखा फॉर्म भरायची हौस नसते.

मी तुमच्या मुलाला त्या लोकांच्या पंक्तीत बसवत नाही हो. तो काकासाठी धावला. पण समजा उलव्यात त्याला मागे आई एकविरा लिहिलेला टेम्पो दिसला, पाच जणांनी मिळून ड्रायव्हरला खाली ओढला, आणि तो टेम्पो दुसराच निघाला, तर? आणि तोच निघाला तरी काय? दोन कानाखाली बसल्यावर तो उद्या वकिलाला सांगणार, मी मारहाणीच्या भीतीनं पळालो.

आणि गंमत अशी की त्याचं ते म्हणणं कायद्यातच आहे. हेच ते १३४. अपघात झाला की ड्रायव्हरनं थांबायचं, जखमीला डॉक्टरकडे न्यायचं, पोलिसांना कळवायचं. पण जमाव खवळलाय, जखमीला न्यायला थांबणं शक्यच नाही, तर त्यातून सूट त्याच कलमात दिलेली आहे. मात्र चोवीस तासांत जवळच्या ठाण्यात हजर होऊन सांगायचं. म्हणजे १९८८ साली दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं, आपले लोक रस्त्यावर काय करतात ते. आपण मारतो म्हणून तो पळतो, तो पळतो म्हणून आपण मारतो. आणि ह्या सगळ्यात जो खरोखर दारू पिऊन पळतो त्याचं आयतं फावतं.

वरळीचं नाही का? जुलै २०२४. पहाटे साडेपाचची वेळ, कोळीवाड्यातलं नवरा-बायको ससून डॉकवरून मासे घेऊन स्कूटरवरून घरी येत होते. मागून बीएमडब्ल्यू. बाईला फरफटत नेलं हो. माझ्या तोंडून ते पुढचं निघत नाही. आमच्याकडे पापलेट देणारी ती दिवाळे गावची बाई आठवडाभर तेच बोलत होती, पहाटे बंदरावर जाणारी ती आम्ही सगळ्याच, म्हणाली. आणि तो मुलगा, राजकीय नेत्याचा, सापडला कधी? तिसऱ्या दिवशी, विरारला. मधल्या दोन दिवसांत रक्तात दारू शोधायला काय उरणार? रक्ताची तपासणी म्हणजे काही कुंडली नव्हे, कधीही काढली तरी तीच निघायला. शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू असेल तर गुन्हा, पण ती उतरल्यावर कुठली दाखवणार? पळण्यातला सगळा फायदा तिथेच आहे. त्याच्या आधी दीड महिना पुण्यात कल्याणीनगरला ते पोर्शेचं झालं, त्या पोराला तर लोकांनी जागीच धरून ठेवला होता, तरी काय मिळालं पहिल्या रात्री? तीनशे शब्दांचा निबंध. आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण ते वेगळंच.

थांबा, एक शिट्टी झाली. दोन बाकी.

सरकारला हे कळत नाही असं नाही. नवी न्याय संहिता आणली तेव्हा कलम १०६ मध्ये घातलं होतं की बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मेला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आधी निष्काळजीपणानं मृत्यूला जास्तीत जास्त दोन वर्षं होती. मग काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. १ जानेवारी २०२४. ट्रकवाल्यांचा संप. आपल्या इथेच जेएनपीटी रोडवर रस्ता अडवला, काही जण लाठ्या घेऊन पोलिसांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर ही रांग! आमचे हे स्कूटरची टाकी भरायला गेले आणि दुपारचं जेवण संध्याकाळी जेवले. मग दिल्लीत गृहसचिवांनी वाहतूकदारांना शब्द दिला, त्यांच्याशी बोलल्याशिवाय कलम लागू करणार नाही. १ जुलै २०२४ ला सगळी संहिता लागू झाली आणि तेवढं पोटकलम मागे ठेवलं. कागदावर आहे, चालू नाही.

मला आधी वाटायचं ट्रकवाल्यांनी दादागिरी केली. पण आपल्या कोपऱ्यावरचे ते ट्रेलर चालवणारे भाऊ आहेत ना, बंदरातून कंटेनर काढतात, ते म्हणाले, काकू, चूक स्कूटरवाल्याची असली तरी मार मोठ्या गाडीला पडतो. थांबलो तर लोक जाळतात, पळालो तर दहा वर्षं, तुम्हीच सांगा काय करू? मी काय सांगणार? मी म्हटलं, पुढच्या चौकीत जाऊन उभे राहा. म्हणाले, पुढची चौकी कुठे आहे ते आधी सांगा. त्या रस्त्यावर तेही खरंच आहे. तरी मला ते दहा वर्षांचं कलम हवं होतं. शिक्षेच्या भीतीनं किती जण थांबतील ते देव जाणे, पण निदान पळणं फायद्याचं आहे हा हिशेब तरी बिघडला असता.

बरं, आता पैशाचं बोलते, कारण तुम्ही लाजून विचारणार नाही. टेम्पो सापडला तर त्याचा थर्ड पार्टी विमा भावजींचा खर्च, बुडालेला पगार, सगळं देतो. ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायचा. मालक म्हणेल, मला काय माहीत कोण चालवत होतं. चालत नाही! पोलिसांनी विचारल्यावर ड्रायव्हर कोण ते सांगणं मालकाला भाग आहे, कलम १३३. विमा नसेल तर मालकाच्या खिशातून. मोबाइलवर त्या परिवहनच्या ॲपमध्ये नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं, मालकाचं नाव मात्र फुल्या फुल्या करून दाखवतात. म्हणून म्हणते, नंबर पुरा हवा. सात की एक, एवढ्यावर लाखोंचा फरक आहे.

आणि टेम्पो सापडलाच नाही तर सरकारची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. आधी पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. भावजींचं हाड मोडलंय, म्हणजे गंभीर दुखापतीत बसतं. अर्ज कुठे, तर प्रांत किंवा तहसील कचेरीत, आणि तिथून तो जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. आता आपल्या नवी मुंबईची मजा बघा. पोलिस आयुक्तालय एकच, पण बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा आणि टेकडी ओलांडून खारघरला गेलं की रायगड. टेम्पोनं चार किलोमीटर पुढे ठोकलं असतं तर तुम्हाला अर्ज घेऊन पनवेलला जावं लागलं असतं! नंतर कधी टेम्पो सापडला आणि न्यायाधिकरणानं भरपाई दिली, तर हे पन्नास हजार परत करायचे. तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर फ्रीज घेऊन बसाल.

ह्या योजनेचं कुणाला काही माहीतच नाही हो. २०२२ साली देशात ठोकून पळाल्याचे ६७,३८७ अपघात झाले, ३०,४८६ माणसं गेली. आणि २०२२-२३ ह्या वर्षात अर्ज किती आले? दोनशे पाच! त्यातले पंच्याण्णव निकाली निघाले. हे आकडे सुप्रीम कोर्टापुढे आले तेव्हा आमचे हे पेपर बाजूला ठेवून बराच वेळ गप्प बसले होते. ते गप्प बसले म्हणजे गंभीर आहे हे मला कळतं. मग जानेवारी २०२४ मध्ये कोर्टानं सांगितलं, महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना लेखी कळवायचं की तुम्हाला असा असा अर्ज करता येतो. लेखी, बरं का.

आपल्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशी, त्यांचा नवरा सायन-पनवेल हायवेला गेला. करोनाच्या आधी. नाकाबंदीवर नाही, दारू पिऊन नाही, कामावरून सायकलनं परत येत होता, तुर्भ्याला. कुठली गाडी, कुणाची गाडी, काही नाही. मावशी अंत्यविधी उरकून आठव्या दिवशी कामावर आल्या. मी पंधरा दिवसांची रजा घ्या म्हटलं तर म्हणाल्या, घरी बसून काय करू? त्या वेळी पंचवीस हजार मिळाले असते. कुणी सांगितलं नाही. पोलिसांनी नाही, हॉस्पिटलनं नाही, कॉर्पोरेटरनं नाही. आणि मला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? माझ्या घरात मोटार क्लेमवाला बसलेला होता. रोज त्यांच्या ताटातलं उष्टं मावशी घासत होत्या. हे म्हणतात, मला वाटलं पोलिसांनी सांगितलं असेल. पोलिसांना वाटलं असेल तलाठ्यानं सांगितलं असेल. दोनशे पाच अर्ज काय उगाच येतात?

त्यांना आता विचारायला गेले तर म्हणाल्या, जाऊ दे काकू, तेव्हाचे कागदसुद्धा पावसात गेले.

तर तुम्ही मात्र कागद सांभाळा. हॉस्पिटलच्या पहिल्या कागदावर ‘रस्ता अपघात’ असं लिहिलंय का ते बघा. ‘पडून दुखापत’ असं लिहिलं असेल तर आजच्या आज बदलून घ्या. घाईत तसं लिहितात आणि मग टेम्पो सापडला तरी त्याचा वकील तेच घेऊन नाचतो. तपास अधिकारी अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाला पहिला अहवाल पाठवतो, आणि दहा दिवसांत तुम्हाला फॉर्म दोन द्यायचा असतो, त्यात तुमचे सगळे हक्क छापलेले असतात. नाही दिला तर मागायचा. हातात काहीतरी छापील मागितलं की समोरचा जरा सरळ होतो, हे ह्यांचं जुनं मत आहे.

डिपॉझिट मागितलं का हॉस्पिटलनं? मागितलं ना. पहिल्या सात दिवसांना दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना मे २०२५ मध्ये निघालीय, पण ती सरकारनं ठरवलेल्या हॉस्पिटलांत. तुमचं त्यात आहे का बघायला हवं.

आणि तो स्विगीवाला पोरगा, ज्यानं भावजींना रिक्षात घातलं? नाव नाही सांगितलं? पळाला? बघा, ठोकणारा पळाला आणि उचलणाराही पळाला! त्याला वाटलं असणार, पोलिस मलाच बसवून ठेवतील. त्याला कुणी काही करू शकत नाही हो. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं आणि २०१९ च्या दुरुस्तीत १३४ अ घातलं, मदत करणाऱ्याला नावही सांगायची सक्ती नाही, साक्षीला ओढायचं नाही. उलट जीव वाचवला असेल तर आता पंचवीस हजारांचं बक्षीस आहे, राह-वीर म्हणतात. कॉलरबोनला मिळेल की नाही ते मला नाही माहीत, पण त्याला शोधा. बक्षिसासाठी नाही. तो जंक्शनला उभा होता, त्याच्या हातात मोबाइल होता, आणि आजकालची ती पोरं पाच मिनिटं रिकामी उभी राहिली तरी व्हिडिओ काढतात. अहो, त्यानंच रिक्षा बोलावली म्हणालात ना? मग रिक्षावाला तरी त्याला ओळखत असेल. ॲपच्या मागे लागून आत्ता काही उपयोग नाही. संध्याकाळी साडेसातला तिथल्या चायनीजच्या गाडीपाशी जाऊन उभं राहायचं, ऑर्डर उचलायला सगळे तिथेच जमतात. तुमच्या मुलाला पळवायचंच असेल तर तिकडे पळवा.

झाली तिसरी. ऐका, शेवटचं. भावजींच्या स्कूटरचा विमा पूर्ण आहे की नुसता थर्ड पार्टी? बघा काढून. नुसता थर्ड पार्टी असेल तर दुरुस्ती आपल्याच खिशातून, कंपनी एक रुपया देणार नाही. पूर्ण असेल तर आजच कंपनीला कळवून ठेवा, पण नुकसान दोन-तीन हजारांचंच असेल तर क्लेम लावू नका, नो क्लेम बोनस जातो. आणि गॅरेजला टाकायच्या आधी चारी बाजूंनी फोटो. त्या टेम्पोचा पांढरा रंग मडगार्डला लागलाय का बघा, लागला असेल तर धुऊ नका.

हे दहा वाजता तयार होतील, ठाण्यात बरोबर न्या त्यांना. फक्त एक करा, वहिनी, तिथे पोचल्यावर आधी तुम्ही बोला आणि तक्रार लिहून झाल्यावरच ह्यांना तोंड उघडू द्या. नाहीतर हे साहेबांना १९८८ पासून सुरुवात करून सांगतात, आणि साहेब जेवायला निघून जातात.